केनेथने भरलेल्या कांड्या

मंगळवारी सकाळी केनेथ मॅकिव्हर गेला, आणि तेव्हापासून बेटावरच्या ग्रिमाबोस्ट गावात एकही माग वाजला नव्हता. गावचा रिवाजच तसा होता. मयताच्या घरचा माग वाजेपर्यंत दुसऱ्या कुणी आपल्या मागाला पाय लावायचा नाही. माती देऊन आल्यावर त्या घरातल्या माणसाने मागावर बसून वीतभर कापड विणायचे, ते ऐकले की बाकीच्यांनी आपापल्या शेडमध्ये सुरुवात करायची. याला 'माग सोडवणे' म्हणत. पूर्वी गावात चाळीस माग होते. आता केनेथचा धरून सात उरले होते. तरीही चार दिवस वारा आणि मेंढ्या यांच्याखेरीज ऐकायला काहीच नसणे म्हणजे फार होते. केनेथच्या मुलीला, कीनाला, तर चारही रात्री झोप आली नव्हती, आणि त्याचे कारण रडणे नव्हते.

आज शनिवार. दुपारी माती. माग आज संध्याकाळच्या आत सुटायला हवा होता, कारण उद्या रविवार, आणि रविवारी ग्रिमाबोस्टमध्ये कोंबडा आरवला तरी लोक त्याच्याकडे रागाने बघत. सोमवारी सकाळी गिरणीची गाडी तयार कापड न्यायला येणार होती. गावातले सहा विणकर चार दिवस हात बांधून बसले होते. कुणी चकार शब्द काढला नव्हता, पण चहाला येणारा प्रत्येक जण जाताना शेडकडे एक नजर टाकून जात होता.

"हे बघ कीना," फिनलेकाका चुलीकडे पाठ करून म्हणाले, "मी काही ठरवलेलं नाही. पण ठरल्यासारखं आहे, एवढंच सांगतो."

फिनलेकाका केनेथचे धाकटे भाऊ, आणि चर्चच्या पंचांपैकी एक. घरी चहा मागतानासुद्धा त्यांच्या आवाजात प्रार्थनेची लय असे. टेबलाच्या एका बाजूला कीनाचा भाऊ रॉरी आणि त्याची बायको मॉरीन बसली होती, दोघे ग्लासगोहून बुधवारच्या बोटीने आलेले. दुसऱ्या बाजूला डोलिनाआत्या. तिचे घर शेडच्या भिंतीला लागूनच होते, आणि नवरा गेल्यापासून बावीस वर्षे ती तिथे एकटी राहत होती.

"घर आणि जमीन रॉरीच्या नावावर होईल, ते सरळच आहे," काका म्हणाले. "माग न्यायला सोमवारी पलीकडच्या गावातून माणूस येईल. आणि तू या दोघांबरोबर जा. एकटी बाई इथे काय करणार?"

"खोली तयार आहे, ताई," रॉरी म्हणाला. "शाळेच्या स्वयंपाकघरात काम पण बघितलंय तुझ्यासाठी. आपल्या बसच्या रस्त्यावरच आहे. मीच सोडत जाईन." रॉरी तिथे बस चालवत होता.

कीना पाव कापत होती. ती कापतच राहिली.

"आत्या, तू सांग ना तिला," रॉरी म्हणाला.

"काय सांगायचंय?" डोलिनाआत्याने संधिवाताने वाकडी झालेली बोटे कपाभोवती धरली. "जा बाई. एकटं राहणं काय असतं ते मला विचार. मी तर थंडीत रेडिओवरच्या माणसाला जेवायला थांबवून घेते."

मॉरीन हसली आणि मग आपण मयताच्या घरी आहोत हे आठवून गप्प झाली.

"मागावर एक कापड अर्धं आहे," कीना म्हणाली. चार दिवसांत ती स्वतःहून बोललेली ही पहिलीच गोष्ट असावी.

"बाबांचं शेवटचं." रॉरी म्हणाला. "ते तसंच कापून घेऊ. मी भिंतीवर लावीन."

"गिरणीचं आहे ते."

"गिरणीला एका कापडानं काय फरक पडतो? बाबांच्या हातचं आहे ते, ताई."

कीनाने सुरी खाली ठेवली आणि पावाचे ताट त्याच्यापुढे सरकवले. बाबांच्या हातचे. अकरा वर्षांत बाबांच्या हातून मागावर एक धागाही गेला नव्हता, आणि हे जगात एकट्या कीनाला माहीत होते, निदान तिची तशी समजूत होती.

अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन केनेथ मागावरून खाली पडला. जीभ दोन महिन्यांत परत आली, पाय आला, उजव्या हाताची पकड मात्र आली नाही. तो हात खिशात ठेवला की बाहेरच्यांना ते कळत नसे. गिरणी विणकराच्या नावाने सूत देत असे आणि तयार कापडाला विणकराच्या नावाची चिठ्ठी बांधून नेत असे. केनेथ म्हणाला, माझ्या नावाचे कापड बंद झालेले मला बघायचे नाही. एवढेच म्हणाला. मग रोज सकाळी आठ वाजता बापलेक शेडमध्ये जात आणि आतून कडी लावत. ती मागावर बसे. तो तिच्यामागे बुटक्या स्टुलावर बसून डाव्या हाताने चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरत असे. एका हाताने भरलेल्या त्या कांड्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत. मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात त्या अडकत, आणि ती मागे न बघता सोडवून घेई.

लढाईच्या वेळी बोटीवर झालेल्या अपघाताने केनेथचा उजवा पाय आखूड झाला होता, त्यामुळे त्याच्या मागाचा ठेका सगळ्या गावात वेगळा. दोन ठोके आणि एक अडखळ. पहिले सहा महिने कीना मुद्दाम उजवा पाय अडखळवत माग चालवत राहिली. मग गुडघा दुखायला लागला आणि कधीतरी ती ते विसरून गेली. कुणी काही बोलले नाही. तेव्हा तिला वाटले, कुणाच्या लक्षात आले नाही.

लक्षात येऊ नये म्हणून तिने बाकी बरेच काही केले होते. शेडमध्ये कुणाला येऊ दिले नाही. मैत्रिणी आधी दारातून आणि मग रस्त्यावरूनच परत जायला लागल्या. गावाच्या टोकाला राहणारा नॉर्मन तेव्हा गुरुवारी चहाला यायचा. नॉर्मन विणकर होता, त्याला नुसत्या कापडाची कड बघून विणणारा ओळखता येई. एका गुरुवारी कीनाने त्याला सांगितले की आता येऊ नकोस. त्याने कारण विचारले नाही. टोपी घातली आणि गेला. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती.

*

दीड वाजता शवपेटी निघाली. ग्रिमाबोस्टमध्ये बायका स्मशानात जात नाहीत. पुरुष दोन रांगा करून खांदा बदलत चालतात आणि बायका दारात उभ्या राहून वळणापर्यंत बघतात. वळणावर पेटी दिसेनाशी झाली तेव्हा पुढच्या जोडीत नॉर्मन होता. त्याचे केस आता सगळे पांढरे झाले होते.

"चला आत," डोलिनाआत्या म्हणाली. "येतील तेव्हा सगळ्यांना सूप लागेल."

मॉरीन बटाटे सोलायला बसली. ती शहरातली, वीस वर्षे या घरची सून असून पाच वेळा इथे आलेली, त्यांतल्या चार अगदी सुरुवातीच्या वर्षांत. तिला मनात आलेले विचारून टाकायची सवय होती, आणि या घरात ती सवय कुणालाच नव्हती.

"ताई, तुम्हाला यायचंय का पण आमच्याकडे?" तिने विचारले. "सगळे तुम्हाला सांगतायत. विचारलं कुणीच नाही."

"तू विचारलंस की."

"मग?"

"विचारलंस तेवढं पुरे आहे, मॉरीन."

"हे काय उत्तर झालं?"

"आमच्याकडे उत्तरं अशीच मिळतात," आत्या म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांनी मला एकदा विचारलं, बरी आहेस ना. मी बरी नाही म्हटलं तर तीन आठवडे आला नाही, म्हणे तुला विश्रांती हवी असेल."

मॉरीनने एक बटाटा हातात तसाच धरला. "तुमच्या पोटऱ्या बघितल्या मी काल, ताई. सायकलवाल्या माणसाच्या असतात तशा."

कीनाने स्कर्ट खाली ओढला. आत्याने सूप ढवळणे थांबवले नाही, पण तिची पाठ जरा ताठ झाली. मॉरीन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. काहीतरी आहे एवढे तिला कळले. काय ते कळले नाही.

*

रॉरीने डोक्याकडची दोरी धरून बापाला खाली सोडले होते. मुलाचा मान असतो तो. परत येताना त्याला वाटत होते की आता एकच काम उरले आहे आणि ते आपण नीट करायचे. सव्वीस वर्षे त्याने मागाला हात लावला नव्हता. पंधराव्या वर्षी शिकला होता आणि तेविसाव्या वर्षी बोटीत बसला होता. दरवर्षी येईन म्हणायचा आणि दरवर्षी काहीतरी निघायचे.

त्याने काळा कोट काढला आणि बॅगेतून तपकिरी जाकीट काढून घातले. सहा वर्षांपूर्वी बाबांनी कापड पाठवले होते. सोबतच्या पत्रात अक्षर ताईचे होते पण शब्द बाबांचे, 'हे तुझ्यासाठी विणले आहे.' ग्लासगोत बसमधल्या सगळ्यांना त्याने ते दाखवले होते.

"मी जातो शेडमध्ये," तो म्हणाला. "माग सोडवतो."

काकांनी मान डोलावली. कीना काहीतरी म्हणणार होती. पण तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

शेडमध्ये लोकरीचा आणि तेलाचा वास होता. खिडकीच्या कट्ट्यावर डब्यात पाच भरलेल्या कांड्या होत्या, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. बाबा म्हातारे झाले होते, रॉरीला वाटले, हात थरथरत असतील. त्याने एक कांडी धोट्यात घातली आणि मागाच्या खालच्या पावड्यांवर पाय ठेवले. मग त्याला तो ठेका आठवला. लहानपणी घरात झोपताना तो ठेका ऐकतच त्याला झोप लागायची. दोन ठोके आणि एक अडखळ. आज बाबांचा माग बाबांसारखाच वाजला पाहिजे, असे ठरवून त्याने उजवा पाय मुद्दाम मागे ठेवला.

सूत दोनदा तुटले. धोटा एकदा उडून भिंतीवर आदळला. तीन कांड्या संपल्या तेव्हा वीतभर कापड झाले, सैल आणि कडेला वाकडे, पण झाले. चार दिवसांत प्रथमच त्याला आपण या घरचे आहोत असे वाटले.

तो स्वयंपाकघरात आला आणि खिडकी उघडून उभा राहिला.

"आता ऐका," तो मॉरीनला म्हणाला. "आता एकेक सुरू होईल. मी लहान होतो तेव्हा अंगावर काटा यायचा."

सगळे ऐकत राहिले. वारा होता. एक मेंढी ओरडली. किटलीचे झाकण वाजत होते तेही आत्याने हाताने दाबून धरले.

पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"ऐकू गेलं नसेल त्यांना," मॉरीन हळूच म्हणाली.

"सगळ्या शेडची दारं उघडी आहेत," रॉरी म्हणाला. खिडकीतून त्याला खालच्या वाडीतला विणकर दारात उभा दिसत होता, हात खिशात, तोंड इकडेच. "मग का सुरू करत नाहीत? काका? माझं काही चुकलं का? वीतभर झालंय, मोजून."

फिनलेकाकांनी बायबल उघडले आणि चष्म्याशिवाय वाचायला घेतले.

"काका, मी विचारतोय."

"ते तुझी वाट बघत नाहीयेत, रॉरी," डोलिनाआत्या म्हणाली.

कीनाने मान वर केली.

"म्हणजे?"

"तू जे वाजवलंस ना, ते ऐकून माझ्या हातातला कप सांडला. किती वर्षांनी ऐकलं मी ते. अकरा वर्षांत या भिंतीतून तो ठेका आलेला नाही बाळा. तुझे बाबा मागावर नव्हतेच. कीना होती."

डोलिनाआत्याला वाटले होते की हे बोलून टाकल्यावर छातीवरचे ओझे उतरेल. भिंतीपलीकडचा तो सरळ, न अडखळणारा ठेका तिने अकरा वर्षे रोज ऐकला होता. थंडीत तिला सोबत होती ती तेवढीच. सकाळी आठला तो सुरू झाला की ती चहा करायची, बाराला थांबला की जेवायला बसायची. पोरीला हे कधी सांगितले नाही. सांगायचे असते हेच तिच्या डोक्यात आले नाही. आता कीनाचा चेहरा बघून तिला भीती वाटली.

"तुला माहीत होतं?" कीना म्हणाली.

"मला कान आहेत गं."

"आणि काका?"

काकांनी बायबल मिटले. "मी पंच आहे. गिरणीच्या चिठ्ठीवर खोटं नाव जातंय हे ऐकलं असतं, तर मला उभं राहून बोलावं लागलं असतं. म्हणून मी ऐकलं नाही."

"आणखी कोण?"

"आणखी कोण म्हणजे?" आत्या म्हणाली. "गावच विणकरांचं. पहिल्या सहा महिन्यांत तू पाय ओढत वाजवायचीस तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. केनेथ थकला की त्याचा ठेका बदलायचा, तुझा बदलत नव्हता. घड्याळासारखा अडखळायचा."

"नॉर्मनला?"

आत्याने खाली बघितले. "तो विणकर आहे, कीना. बहिरा नाही."

कीना उभीच होती. तिने टेबलाची कड धरली. तिचा आवाज चढला नाही. या घरात आवाज चढवणे कुणाला जमतच नसे.

"मी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "त्याला कळू नये म्हणून सांगितलं. आणि त्याला माहीत होतं."

"त्याला वाटलं तुला तो नकोय. आम्हालाही तेच वाटलं."

"मग विचारायचं होतं. अकरा वर्षांत कुणीतरी एकदा दार वाजवून म्हणायचं होतं, कीना, आम्हाला ठाऊक आहे, ये बाहेर, चहा घे. एवढंच. मी आतून कडी लावून बसले होते. आणि तुम्ही सगळे ती कडी बाहेरून धरून बसलात."

"आम्हाला वाटलं आम्ही तुला सांभाळतोय," आत्या म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी येत होते आणि वाकड्या बोटांनी ते पुसता येत नव्हते. मॉरीनने उठून तिला रुमाल दिला.

रॉरी अजून खिडकीपाशी होता. त्याने जाकिटाची कड चिमटीत धरली. "हे?"

"मी विणलं," कीना म्हणाली. "डाव्या खिशाखाली आत एक गाठ आहे बघ. तुझं पत्र आलं त्या दिवशी, की यंदाही जमत नाही. मी बाबांना वाचून दाखवलं आणि परत मागावर बसले. तिथे सूत तुटलं."

त्याने खिशात हात घातला, आतून चाचपले. गाठ सापडली असावी, कारण त्याने हात तिथेच ठेवला.

"बाबांनी का नाही सांगितलं मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

त्याचे उत्तर दोघांनाही माहीत होते, पण बिचाऱ्याला सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो प्रश्न समोरासमोर ऐकावा लागला.

"रॉरी," मॉरीन म्हणाली, "त्या सोमवारच्या माणसाला फोन कर."

"थांब जरा. काका, तुम्ही बोला. ताई इथे एकटी कशी राहणार?"

सगळ्यांनी काकांकडे बघितले. सकाळी ठरल्यासारखे जे होते ते आता कुणाच्या बाजूने आहे हे काकांनाही कळत नव्हते. ते बहिणीकडे बघत होते. डोलिना सकाळी त्यांच्या बाजूने होती, आता ती कीनाच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

"घर तुझ्या नावावर असू दे," कीना भावाला म्हणाली. "मला नको. माग मात्र जाणार नाही. आणि एकटीचं म्हणशील तर बाबा होते तेव्हाही दार बंदच होतं रे."

काका उठले. टोपी हातात घेऊन ते दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "सोमवारी गिरणीत जाऊन खरं काय ते सांगावं लागेल. तुझ्या नावाची चिठ्ठी कदाचित देणार नाहीत. यादीत शेवटी घालतील. वर्षाला दोन कापडं मिळाली तरी पुष्कळ."

"माहीत आहे मला."

"मी येईन बरोबर." मग जरा थांबून, "मी अकरा वर्षं ऐकलं नाही, हेही तिथे सांगीन."

रॉरी फोनकडे गेला. कीनाने टेबलावरून किल्ली उचलली.

"मी भरल्या असत्या गं कांड्या," डोलिनाआत्या म्हणाली आणि तिने आपल्या वाकड्या बोटांकडे बघितले.

*

रॉरीने विणलेले वीतभर कापड तिने धागा धागा करून उसवले. गिरणीने ते घेतले नसते. उसवायला तास गेला. सूत दोन ठिकाणी इतके घासले गेले होते की ते पुन्हा वापरण्यासारखे राहिले नव्हते, तिने ते बाजूला टाकले. उन्हाची तिरीप दारातून आत येत होती. दार उघडे होते, आज तिने कडी लावली नव्हती. रस्त्यावरून कुणीही आत बघू शकले असते, पण रस्त्यावर कुणी नव्हते. सगळे आपापल्या शेडमध्ये पावड्यांवर पाय ठेवून बसले होते.

डब्यात दोन कांड्या राहिल्या होत्या. बाबांनी सोमवारी दुपारी त्या भरल्या होत्या. त्या दिवशी ते म्हणाले होते, आज पुरे, उद्या भरीन.

तिने पहिली कांडी धोट्यात घातली आणि पाय टाकला. ठेका सरळ होता, तिचा स्वतःचा. अर्धी वीत कापड झाले तेव्हा ती कांडी संपली. दुसरी नेहमीसारखी मध्ये अडकली आणि ती नेहमीसारखीच, मागे न बघता, हाताने ती सोडवायला वाकली. मागून कुणी 'चुकलं माझं' म्हणाले नाही. बाबा दर वेळी म्हणायचे. तिने कांडी सोडवली, वीत पुरी केली आणि धोटा रिकामा झाला.

तिने पाय उचलले.

आधी गावाच्या टोकाला सुरू झाला. नॉर्मनचा, तिने ओळखला. जरा घाईचा, प्रत्येक दहाव्या ठोक्याला दम घेणारा. मग खालच्या वाडीतला. मग धक्क्याजवळचे दोन, जवळजवळ एकदम. मग आणखी एक. शेवटचा सहावा चर्चमागचा, तो नेहमीच उशिरा सुरू व्हायचा. तिने सहाही मोजले. भिंतीपलीकडे आत्याच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग किटली ठेवल्याचा. सगळे गाव वाजत होते, तिचा माग तेवढा गप्प होता, कारण भरलेली कांडी नव्हती.

ती उठली आणि मागच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली. अकरा वर्षांत ती त्यावर कधी बसली नव्हती. बाबांना हात पोचावा म्हणून स्टुलाचे पाय कापलेले होते, तिचे गुडघे छातीला टेकले. चरख्याच्या मुठीवर डाव्या हाताने घासून गुळगुळीत झालेली जागा होती. तिने तिथे हात ठेवला आणि समोर बघितले. इथून फक्त मागावरच्या माणसाची पाठ दिसते. बाबांना रोज ती दिसत होती, अकरा वर्षे, आठ ते बारा आणि एक ते पाच. कीनाला रिकामा बाक दिसला.

तिने सूत लावून चरखा फिरवला. कांडी भरली, दोन्ही टोकांना सारखी. ती घेऊन ती उठली, चार पावले चालत बाकापर्यंत गेली आणि मागे कुणी नसताना मागावर बसली.